फॅरेडेची मेणबत्ती आणि आपला वर्ग

विज्ञान कसे शिकवावे याविषयी बोलणे निघाले की मायकेल फॅरेडेच्या मेणबत्तीवरील व्याख्यानांचा उल्लेख हमखास होतो. शिक्षकांच्या शिबिरांत होतो, लेखांत होतो, आणि बहुतेक वेळा तो उल्लेखापाशीच थांबतो. पुस्तक थोर आहे एवढे सांगून वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. ते नेमके कशामुळे थोर आहे, त्यातले आपल्या साठ मुलांच्या वर्गात काय चालेल, आणि त्यात उणे काय आहे, हे प्रश्न तसेच राहतात. या लेखात ते विचारायचे आहेत. थोर पुस्तकालाही कसोटी लावावी. स्वतः फॅरेडेने दुसऱ्यांची व्याख्याने अशीच कसोटी लावून ऐकली होती.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने देण्याची प्रथा १८२५ साली सुरू झाली. फॅरेडेने अशा एकूण १९ मालिका दिल्या. त्यांपैकी शेवटची १८६०-६१ ची. तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. विषय होता एक मेणबत्ती, आणि व्याख्याने सहा. हाच विषय त्याने १८४८ सालीही घेतला होता. शेवटच्या मालिकेची व्याख्याने लघुलेखकाकडून उतरवून घेण्यात आली आणि विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञाने संपादित करून १८६१ मध्ये त्यांचे पुस्तक काढले. म्हणजे हे लिहिलेले पुस्तक नाही, बोललेले आहे. वाचताना टेबलावरची भांडी डोळ्यांसमोर आणावी लागतात. तशी ती आणली नाहीत तर पुस्तक कंटाळवाणे वाटण्याचा संभव आहे, आणि अनेकांना ते वाटतेही.

फॅरेडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. बोलण्याची कला त्याला घरातून मिळाली नव्हती. १८१३ साली तो हम्फ्री डेव्हीचा मदतनीस म्हणून रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लागला, आणि त्याच वर्षी बेंजामिन ॲबट या मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्याने व्याख्यान कसे असावे याचा बारकाईने विचार केलेला दिसतो. सभागृहात हवा खेळती आहे का, साधने सगळ्यांना दिसतील अशी मांडली आहेत का, वक्ता फार भरभर बोलतो का, व्याख्यान तासापेक्षा लांबते का, अशा बाबींची त्यात चर्चा आहे. पुढे त्याने बोलण्याचे रीतसर धडेही घेतले. ‘शिकवणे हे अंगातच असावे लागते’ असे आपण सहज म्हणून जातो. फॅरेडेच्या बाबतीत तरी ते अंगात आणले गेले होते.

पण ही वाक्पटुता म्हणजे पुस्तकाचे खरे बळ नव्हे. ते बळ पहिल्याच व्याख्यानात दिसते. या तासाभरात आपण ज्याला रसायनशास्त्र म्हणतो ते जवळजवळ नाहीच. फॅरेडे मुलांना वेगवेगळ्या मेणबत्त्या दाखवतो. चरबीच्या, मधमाशांच्या मेणाच्या, जपानी, अगदी समुद्रात बुडालेल्या जहाजातून वर काढलेली एकसुद्धा. मग तो एक मेणबत्ती पेटवतो आणि सर्वांनी हजारदा पाहिलेल्या एका गोष्टीकडे बोट दाखवतो. ज्योतीखाली वितळलेल्या मेणाची एक सुबक वाटी तयार होते. ही वाटी कोण तयार करतो?

ज्योतीमुळे तापलेली हवा वर जाते. तिची जागा घ्यायला बाजूंनी थंड हवा येते आणि मेणबत्तीच्या कडेला घासून वर सरकते. त्यामुळे कड थंड राहते, मधले मेण वितळते, आणि वितळलेले मेण सांडत नाही. मेणबत्ती स्वतःचे भांडे स्वतःच घडवते. त्यानंतर फॅरेडे नक्षीदार, पन्हळीच्या मेणबत्त्यांकडे वळतो. दिसायला त्या सुंदर, पण हवेचा प्रवाह त्यांच्या कडेला सारखा लागत नाही, वाटी वाकडी होते आणि मेण ओघळते. शोभेची मेणबत्ती जळायला वाईट! वाढदिवसाच्या केकवरची वेटोळ्याची मेणबत्ती पाहिलेल्या कोणत्याही मुलाला हे पटेल.

मग पुढचा प्रश्न. वाटीतले पातळ मेण वर ज्योतीपर्यंत चढते कसे? इथे तो मिठाचा एक स्तंभ बशीत उभा करतो आणि बशीत निळे केलेले मिठाचे संपृक्त पाणी ओततो. निळा रंग सर्वांच्या देखत स्तंभातून वर चढू लागतो. केशाकर्षणाचा नियम सांगण्यापूर्वी ते डोळ्यांनी दिसते. आपल्याकडे हे दाखवायला समई, निरांजन किंवा पणती आहेच. तेलात बुडालेल्या वातीचे वरचे टोकच का जळते, खालचे का जळत नाही, हा प्रश्न आपल्या घरात रोज संध्याकाळी तेवत असतो. तो वर्गात क्वचितच येतो.

आपल्या पद्धतीशी हे ताडून पाहा. आपण फळ्यावर ‘ज्वलन’ असे शीर्षक लिहितो, व्याख्या देतो, ज्योतीच्या भागांची आकृती काढतो, नावे देतो आणि मुले ती वहीत उतरवतात. ज्योतीचा आतला भाग काळसर असतो हे त्यांना पाठ होते. तो काळसर का, तिथे काय आहे, हे विचारले तर वर्ग गप्प बसतो. फॅरेडे त्या काळसर भागात एक वाकडी काचनळी धरतो. नळीतून मेणाची वाफ बाहेर येते, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला काडी लावली की तिथे ती जळू लागते. एका मेणबत्तीच्या दोन ज्योती! आकृतीतला तो भाग यानंतर कोणी विसरेल असे वाटत नाही. याहून सोपा प्रयोग म्हणजे मेणबत्ती हलक्या फुंकरीने विझवायची आणि वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराला, वातीपासून दोन बोटे अंतरावर, जळती काडी लावायची. ज्योत धुरातून खाली उडी मारून वातीला लागते. हा पांढरा धूर म्हणजे थंड झालेली मेणाची वाफच. याला खर्च एका काडीचा. वर्गात वारा मात्र नको, पंखा बंद करावा लागतो.

फॅरेडेची दुसरी शिस्त नावांविषयीची आहे. तो वस्तू आधी दाखवतो, तिचे वागणे दाखवतो, मग तिला नाव देतो. हायड्रोजनची रीतसर ओळख तिसऱ्या व्याख्यानात होते, ऑक्सिजनची चौथ्यात. तोवर मुलांनी बर्फ आणि मीठ भरलेल्या भांड्याच्या तळावर मेणबत्तीच्या ज्योतीतून आलेले पाण्याचे थेंब जमलेले पाहिलेले असतात. ते पाणीच आहे याची खात्री पोटॅशियमचा तुकडा टाकून करून घेतलेली असते. आगीतून पाणी निघते हे आश्चर्य आधी अंगावर येते, आणि मग त्या आश्चर्याचा उलगडा करण्यासाठी हायड्रोजनची गरज पडते. शब्द गरजेपोटी येतात.

ही शिस्त किती उपयोगाची आहे हे दुसऱ्या व्याख्यानातल्या एका लहानशा प्रसंगावरून कळते. मला तो साऱ्या पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फॅरेडे जळत्या मेणबत्तीवर काचेची बरणी पालथी घालतो. ज्योत आधी नीट जळते, मग लांबुडकी होते, मंदावते आणि विझते. का विझली? तो म्हणतो की बरणीत हवा नाही म्हणून नव्हे, बरणी तर पूर्वीइतकीच भरलेली आहे. त्यातली काही हवा बदलली आहे, काही बदललेली नाही, आणि मेणबत्तीला हवी तेवढी ताजी हवा उरलेली नाही. बस, एवढेच. ऑक्सिजन संपला असे तो म्हणत नाही. जेवढे दिसले तेवढ्याचेच अनुमान तो काढतो, एक पाऊलही पुढे टाकत नाही.

आता हाच प्रयोग आपल्या शाळांत कोणत्या रूपात होतो ते पाहू. परातीत पाणी घेऊन मधोमध मेणबत्ती उभी करतात, पेटवतात आणि वर काचेचा पेला उपडा ठेवतात. ज्योत विझते, पेल्यात पाणी चढते. निष्कर्ष असा लिहिला जातो की मेणबत्तीने पेल्यातला सर्व ऑक्सिजन वापरला, त्याची जागा पाण्याने घेतली, आणि पाणी एकपंचमांश उंचीपर्यंत चढले, म्हणून हवेत ऑक्सिजनचे प्रमाण एकपंचमांश. हा निष्कर्ष मी प्रयोगवह्यांत वाचला आहे, विज्ञान प्रदर्शनांतल्या तक्त्यांवर पाहिला आहे, आणि आता मोबाइलवरच्या चित्रफितींतही ऐकतो. जगभर तो असाच सांगितला जातो, त्यामुळे एकट्या आपल्या शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण तो चुकीचा आहे.

थोडा हिशेब करू. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. बंद जागेत जळणारी मेणबत्ती तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की विझते. म्हणजे विझल्यावरही बराचसा ऑक्सिजन पेल्यात शिल्लक असतो. (आपल्या उच्छ्वासातही तो जवळपास तेवढाच असतो. सहाव्या व्याख्यानात फॅरेडे श्वासाने वापरलेल्या हवेत ज्योत विझवून दाखवतो, ते यामुळेच.) दुसरी गोष्ट, जळताना ऑक्सिजन नाहीसा होत नाही. पॅराफिन मेण जळते तेव्हा ऑक्सिजनच्या दर ३ मापांमागे कार्बन डायऑक्साइडची सुमारे २ मापे तयार होतात. बरोबर पाण्याची वाफही होते, पण ती निवून पाणी बनते, तिची जागा नगण्य. समजा, अगदी सगळा ऑक्सिजन जळाला, तरी २१ मापे जाऊन १४ मापे परत आली. घट फक्त ७ टक्क्यांची. आणि प्रत्यक्षात जळतो तो पाव हिस्सा, म्हणजे घट दोन टक्क्यांच्याही आतली. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हे खरे, पण अर्ध्या मिनिटात सगळाच्या सगळा विरघळून जात नाही.

मग पाणी एवढे चढते कशाने? पेला ज्योतीवर आणताना त्यातली हवा तापून प्रसरण पावते आणि काही हवा बाहेर पडते. लक्ष दिले तर पेल्याच्या काठाखालून बुडबुडे निघताना दिसतात. पाण्यात साबणाचा थेंब टाकला तर ते आणखी स्पष्ट दिसतात. ज्योत विझल्यावर आत उरलेली हवा थंड होते, आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. पेल्यातली हवा सरासरी १०० अंश सेल्सिअस तापली असेल आणि निवून २७ अंशांवर आली, तर तिचे आकारमान ३७३ ला ३०० या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ एकपंचमांशाने घटते. उत्तर एकपंचमांश आले, पण त्याचा ऑक्सिजनशी संबंध नाही! निव्वळ योगायोगाने जुळलेल्या आकड्याने हा गैरसमज इतकी वर्षे टिकवून धरला आहे.

हे उकलायला प्रयोगशाळा लागत नाही. एकाच पेल्याखाली एक मेणबत्ती लावून पाणी किती चढते ते मोजा. मग दोन लावा, मग तीन. मेणबत्त्या वाढल्या की पाणी जास्त चढते. पेल्यातला ऑक्सिजन तर तेवढाच आहे, मग पाणी जास्त का? याहूनही साधा पुरावा वेळेचा आहे. ऑक्सिजन वापरला गेल्यामुळे पाणी चढत असते तर ते ज्योत जळत असताना हळूहळू चढले असते आणि ज्योत विझताच थांबले असते. प्रत्यक्षात ते जळताना फारसे हलत नाही, आणि विझताक्षणी झपाट्याने चढते.

एका तालुक्याच्या गावी सातवीच्या वर्गात हा प्रयोग चाललेला मी मागच्या बाकावर बसून पाहिला. बाईंनी तयारी चांगली केली होती, पाण्यात कुंकू टाकून ते लाल केले होते म्हणजे मागच्या मुलांनाही दिसावे. पाणी चढले, टाळ्या पडल्या, बाईंनी निष्कर्ष सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

“बाई, पण पाणी तर ज्योत विझल्यावर चढलं.”

“आधीपासूनच चढत होतं. तू नीट बघितलं नाहीस. बस.”

मुलगी बसली. तिने नीटच पाहिले होते. त्या खोलीत त्या दिवशी विज्ञानाचे एकच काम झाले आणि ते तिने केले होते. बाईंबद्दल मला राग नाही. घंटा व्हायला सात मिनिटे उरली होती, निष्कर्ष छापील होता आणि परीक्षेत तोच येणार होता. पण त्या मुलीला त्या दिवशी जे शिकायला मिळाले ते असे, की डोळ्यांना दिसलेले आणि पुस्तकातले यांत फरक पडला तर डोळे मिटायचे. सत्तर टक्के गुण मिळवून ती पुढे विज्ञान शाखेलाही जाईल, आणि हा धडा तिच्याबरोबर जाईल.

विद्यार्थ्यांशी संवाद कसा साधावा यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. त्यात आवाजाचा चढउतार, फळ्याचा वापर, हसरा चेहरा, गोष्टी आणि विनोद यांचा भरणा असतो. या गोष्टी वाईट नाहीत. पण वरच्या प्रसंगात त्यांतले काहीही कमी नव्हते. कमी होती ती मुलीचे म्हणणे खरे असू शकेल ही शक्यता. ती नसेल तर वर्गात कितीही बोलणे झाले तरी त्याला संवाद म्हणता येत नाही.

आणि इथे फॅरेडेच्या पुस्तकाचेही उणे बोलले पाहिजे. सहाही व्याख्यानांत तो सारखे प्रश्न विचारतो, पण उत्तरे सगळी त्याची आहेत. समोर बसलेल्या एकाही मुलाचा आवाज पुस्तकात ऐकू येत नाही. त्या सभागृहात तसे शक्यही नव्हते. श्रोते मोठ्या संख्येने, त्यांत पालकही, वेळ तासाभराचा, आणि साधने मांडायला सार्जंट अँडरसनसारखा वर्षानुवर्षांचा मदतनीस. तो जाहीर कार्यक्रम होता, वर्ग नव्हता. मुलांनी घरी जाऊन प्रयोग करून पाहावेत असे फॅरेडे सुचवतो, पण त्यांनी काय पाहिले हे ऐकण्याची सोय त्या मांडणीत नाही. त्यामुळे ‘फॅरेडेसारखे शिकवा’ हा सल्ला जसाच्या तसा घेतला तर शिक्षकाचा चांगला वक्ता होईल, कदाचित जादूगारही होईल. बर्फाच्या प्रसरणाने लोखंडी बाटली फोडून दाखवण्यासारखे काही प्रयोग या व्याख्यानांतही थोडे जादूकडेच झुकलेले आहेत. शेवटच्या व्याख्यानाच्या अखेरीस मुलांनी मेणबत्तीसारखे प्रकाशमान व्हावे असा उपदेश आहे, तोही मला पुस्तकातला सर्वांत सामान्य भाग वाटतो. आपल्याकडच्या बक्षीस समारंभांत नेमका तोच उचलला जातो.

गंमत अशी, की फॅरेडे स्वतः ज्या पुस्तकातून रसायनशास्त्र शिकला ते संवादाचेच होते. जेन मार्सेट या बाईंनी १८०६ साली रसायनशास्त्रावरील संभाषणांचे पुस्तक लिहिले, पहिल्या आवृत्तीवर त्यांचे नावही नव्हते. त्यात मिसेस बी. नावाच्या शिक्षिका एमिली आणि कॅरोलाइन या दोन मुलींशी बोलतात. एमिली विचारी, कॅरोलाइन उतावळी. मुली शंका काढतात, मध्येच तोडतात, आणि उत्तर शोधायला मदत करतात. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना हे पुस्तक फॅरेडेच्या हाती पडले. त्यातली विधाने आपण परवडतील तशा छोट्या प्रयोगांनी तपासून पाहिली आणि ती खरी निघाली, असे त्याने मार्सेटबाईंच्या मृत्यूनंतर, १८५८ साली, एका पत्रात कृतज्ञतेने लिहिले आहे. अर्थात, एमिली आणि कॅरोलाइन फार सोयीच्या मुली आहेत. मिसेस बी.ना जो प्रश्न हवा तोच त्या विचारतात. दुसऱ्या रांगेतल्या त्या मुलीसारखा पंचाईत करणारा प्रश्न पुस्तकात सापडणे कठीण. तो जिवंत वर्गातच मिळतो.

तो मिळवायचा कसा, यावर अलीकडच्या काळात काही चांगली मोजमापे झाली आहेत. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात करून दाखवायच्या प्रयोगांचा नेमका काय उपयोग होतो हे तपासले. २००४ साली ते प्रसिद्ध झाले. काही विद्यार्थ्यांना प्रयोग दाखवलाच नाही, काहींना नुसता दाखवला, काहींना आधी ‘काय होईल?’ याचा अंदाज करायला लावून मग दाखवला, आणि काहींना त्या अंदाजावर एकमेकांशी चर्चाही करू दिली. पुढे परीक्षा घेतली तेव्हा नुसता प्रयोग पाहिलेल्यांची समज तो न पाहिलेल्यांपेक्षा जेमतेमच बरी निघाली. ज्यांनी आधी अंदाज बांधला होता त्यांची मात्र स्पष्टपणे चांगली होती, आणि ज्यांनी चर्चा केली त्यांची सर्वांत चांगली. अंदाज करायला लावण्यात जास्तीची मिनिटे गेली ती दोन-चार. टाळ्या मिळवणारा प्रयोग करून आपण समाधानाने घरी जातो, त्या समाधानाला या निष्कर्षाने धक्का बसायला हवा.

दुसरे मोजमाप त्याहून जुने आणि साधे आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतली ध्वनिमुद्रणे ऐकून १९७४ साली दाखवून दिले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. हेच थांबणे तीन सेकंदांवर नेले की मुलांची उत्तरे लांबतात, अधिक मुले बोलतात, आणि ज्यांना शिक्षक ‘मंद’ समजत होते तीही बोलू लागतात. तीन सेकंद! घड्याळ लावून पाहा, वर्गासमोर उभे असताना ते किती लांब वाटतात ते कळेल. हातात खडू फिरवत गप्प उभे राहणे हे आपल्या पेशातले एक अवघड कौशल्य आहे.

आता मेणबत्तीच्या प्रयोगाकडे परत येऊ, कारण तो टाकून द्यावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. उलट चुकीच्या निष्कर्षासकट तो फार उपयोगाचा आहे. परात, पेला, मेणबत्ती मांडून झाली की पेला ठेवण्याआधी थांबावे. प्रत्येकाने वहीत दोन ओळी लिहाव्यात: ज्योतीचे काय होईल, पाण्याचे काय होईल, आणि पाणी हलले तर केव्हा हलेल. ‘केव्हा’ हा प्रश्न महत्त्वाचा, सगळी गाठ तिथे सुटते. मग शेजाऱ्याची वही पाहून दोन मिनिटे वाद घालू द्यावा. साठ मुलांच्या वर्गात हे जमणार नाही असे शिक्षक म्हणतात, पण जोडीने बोलण्याला वर्गाची संख्या आड येत नाही. मझूर यांचे वर्गही मोठेच असतात. गोंगाट होतो, हे कबूल. शेजारच्या वर्गावरच्या सरांना आधी सांगून ठेवावे.

एका शिबिरात एका अनुभवी शिक्षकांनी आक्षेप घेतला होता की मुलांना चुकीचा अंदाज लिहायला लावला तर तोच डोक्यात बसेल. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण चुकीची कल्पना आपण लिहायला लावली म्हणून येत नाही, ती आधीच आलेली असते. वहीत उतरली म्हणजे ती दिसते, एवढाच फरक. ‘ऑक्सिजन संपतो म्हणून पाणी चढते’ असे बहुतेक मुले लिहितील. लिहू द्यावे. मग एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून त्यांच्यासमोर ठेवाव्यात आणि गप्प राहावे.

परीक्षेचे काय, हा प्रश्न उरतोच आणि तो टाळण्यात अर्थ नाही. ‘बंद पेल्यात मेणबत्ती का विझते?’ या प्रश्नाला ‘तिला जळण्यासाठी पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही’ हे उत्तर शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे आणि त्याला गुणही मिळतील. ‘सगळा संपतो’ एवढे शब्द टाळायचे. पाणी एकपंचमांश का चढते असे विचारले गेलेच, तर मुलांना दोन्ही बाजू माहीत असाव्यात, आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सहकाऱ्यांशी आपण मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावे. त्या खोलीतही एक परात आणि तीन मेणबत्त्या नेता येतात.

हवेतला ऑक्सिजन खरोखर मोजायचा असेल तर ज्योत हवीच कशाला? परीक्षानळी आतून ओली करून तिच्या तळाशी भरपूर लोहकीस शिंपडावा, तो चिकटून राहतो. लेथच्या कारखान्यात तो फुकट मिळतो, फक्त तेलकट असेल तर धुण्याच्या सोड्याने स्वच्छ धुवून घ्यावा. स्टेनलेस स्टीलचा कीस चालत नाही, तो गंजत नाही. नळी पाण्याच्या भांड्यात उपडी उभी करून आतल्या पाण्याच्या पातळीवर दोरा बांधावा आणि शाळा सुटताना खिडकीपाशी ठेवून द्यावी. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेते आणि बदल्यात कोणताही वायू सोडत नाही, उष्णताही जाणवण्याजोगी होत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी नळीतल्या हवेच्या उंचीचा साधारण पाचवा हिस्सा पाण्याने घेतलेला दिसतो, आणि त्यापुढे पाणी चढत नाही. शेजारी तशीच एक नळी लोहकीस न घालता ठेवावी. ती कशासाठी ठेवली, हे मुलांना विचारावे आणि तीन सेकंद थांबावे.